आवडत्या रेसलरचं बुकिंग बिघडलं की फॅनने करायचं काय

4 ऑक्टोबर 2019. डब्ल्यूडब्ल्यूई ह्या रेसलिंग कंपनीच्या स्मॅकडाउन शोचा फॉक्स चॅनेलवरचा पहिला एपिसोड, कोफी किंग्स्टन विरुद्ध ब्रॉक लेस्नर. बेल वाजली, कोफीने उडी मारली, ब्रॉकने तसाच खांद्यावर झेलला, एफ-फाइव्ह (ब्रॉकचा शेवटचा डाव), एक दोन तीन, खेळ खल्लास. दहा सेकंदही नाहीत. अकरा वर्षं राबून एप्रिलमध्ये रेसलमेनिया 35 ला, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोला, मिळवलेला चॅम्पियनशिपचा बेल्ट असा गेला आणि त्याच रात्री ब्रॉकसमोर नवा प्रतिस्पर्धी म्हणून केन व्हेलास्केझ येऊन उभा राहिला, म्हणजे कोफीचा विषयच बंद. कोण जिंकणार, कुणाला पुढे आणायचं हे कंपनीच आधी ठरवते, त्यालाच बुकिंग म्हणतात, त्यामुळे तेव्हा जे डोकं फिरलं ते बऱ्याच जणांचं अजून जागेवर नाहीये, आणि ते बरोबरच आहे. पण राग वाया घालवू नका, त्याचा उपयोग होतो, फक्त नीट वापरता आला पाहिजे.

सगळ्यात आधी, हरला म्हणजे गाडला असं लगेच धरू नका. कोडी रोड्स 2023 ला रेसलमेनिया 39 मध्ये रोमन रेन्सकडून हरला तेव्हा लोक पेटले होते, मीपण. पण दुसऱ्याच रात्री रॉ ह्या सोमवारच्या शोवर ब्रॉकने त्याला धुतला आणि मोठा फ्युड (दोघांची लांबत जाणारी दुश्मनी) सुरू झाला, म्हणजे तो टॉपलाच होता, आणि वर्षभराने 7 एप्रिल 2024 ला त्याच रोमनकडून बेल्ट घेतला, तोपण 1,316 दिवसांनी. म्हणून मॅचचा निकाल बघू नका, पुढचे दोन-तीन आठवडे बघा. माइक हातात देतायत का? समोर नाव असलेला माणूस उभा करतायत का? हरल्याचा उल्लेख तरी होतोय का? कोफीच्या बाबतीत हेच खटकलं, वन-ऑन-वन रीमॅच नाही, धड राग नाही, थोड्याच दिवसांत परत न्यू डे ह्या आपल्या जुन्या टीमसोबत हसत टॅग टीममध्ये. ह्याला गाडणं म्हणतात.

दुखापतपण तपासा. डॅनियल ब्रायनचा बेल्ट 2014 च्या जूनमध्ये काढून घेतला तो मानेच्या ऑपरेशनमुळे, त्यात रायटर लोकांना शिव्या घालून काय मिळणार. आणि उलटंही होतं, कोफीला 2019 मध्ये एलिमिनेशन चेंबर ह्या बेल्टसाठीच्या पिंजऱ्यातल्या मॅचमध्ये जागा मिळाली तीच मुस्तफा अली जखमी झाला म्हणून.

आता मुख्य गोष्ट, ओरडायचं कसं. माझं ठाम मत आहे की ज्याला पुढे ढकलतायत त्याला बू करण्यापेक्षा आपल्या माणसाचं नाव घ्या. बू म्हणजे कंपनीच्या हिशोबात हीट, म्हणजे लोक पेटलेत एवढंच, आवाज तो आवाजच. रोमनला लोकांनी वर्षानुवर्षं बू केलं, 2017 च्या रेसलमेनियानंतरच्या रॉवर तर तो रिंगमध्ये नुसता उभा होता आणि लोक मिनिटांवर मिनिटं त्याला बोलूच देत नव्हते, शेवटी एकच वाक्य बोलला आणि निघून गेला. आणि झालं काय? रेसलमेनिया 31 ते 34, सलग चार वर्षं मेन इव्हेंट त्याचाच. त्या सगळ्या बूमधून दुसऱ्या कुणाला एक मॅचही जास्त मिळाली असेल असं मला वाटत नाही.

याच्या उलट ब्रायन. 2012 ला रेसलमेनियात शेमसने त्याला 18 सेकंदात हरवला, आणि दुसऱ्या रात्री मायामीत रॉवर लोक शोभर त्याचं यस यस करत बसले, तिथून ते सुरू झालं ते थांबलंच नाही. 2014 च्या रॉयल रंबलला (एकेक करून 30 जण उतरतात ती मॅच) तो मॅचमध्येच नव्हता, लोक त्याची वाट बघत असताना 30 नंबरला रे मिस्टेरिओ आला तर बिचाऱ्याला बू, त्याचा काय दोष होता सांगा. ते चुकलंच लोकांचं. पण यस यस कुठेही गेलं तरी चालूच राहिलं, मार्चमध्ये मेम्फिसला ब्रायनच्या टी-शर्टमधली माणसं रिंगभर उभी राहिली, आणि 6 एप्रिलला न्यू ऑर्लीन्समध्ये त्याने एका रात्रीत आधी ट्रिपल एच मग ऑर्टन-बटिस्टा असं करून बेल्ट घेतला. नाव घेतलं की कंपनीला कळतं लोकांना नक्की कोण हवाय.

ऑनलाइनपण तेच, सगळ्यांनी एकच हॅशटॅग धरा आणि त्यात नाव असू द्या. 2 फेब्रुवारी 2024 ला कोडीने रेसलमेनियातली रोमनसमोरची आपली जागा रॉकला दिली तेव्हा लोकांनी 'वी वॉन्ट कोडी' एवढंच लावून धरलं, 8 तारखेला लास वेगासमध्ये प्लॅन फिरला. आठवडापण नाही लागला. प्रत्येकाने वेगवेगळी लांबलचक पोस्ट टाकली असती तर हे झालं नसतं. आणि रेसलरच्या स्वतःच्या अकाउंटवर, त्याच्या घरच्यांच्या फोटोंखाली जाऊन घाण लिहायची नाही. निकाल तो ठरवत नाही.

आपण इथे बसून काय करू शकतो? एप्रिल 2025 पासून डब्ल्यूडब्ल्यूई भारतात नेटफ्लिक्सवर येतंय, तर तिथेच बघा, कुणीतरी कापून टाकलेल्या रीलवर नको. मंगळवारी सकाळी रॉ पूर्ण बघून मगच लिहा, नुसता निकाल वाचून नाही. यूट्यूबवर आपल्या माणसाचा ऑफिशियल व्हिडिओ उघडा, पूर्ण बघा, व्ह्यूज सगळ्यांना दिसतात. टी-शर्ट घ्यायचाच असेल तर खरा घ्या, रस्त्यावरच्या कॉपीचा एक रुपया त्याच्या नावावर जमा होत नाही.

भारतात लाइव्ह शो कधीतरीच होतात त्यामुळे चान्स मिळाला तर सोडू नका. डिसेंबर 2017 ला दिल्लीत ट्रिपल एचने भारतीय वंशाच्या जिंदर महलला हरवलं, महिनाभर आधीच मँचेस्टरमध्ये त्याचा बेल्ट एजे स्टाइल्सकडे गेला होता, आणि भारतातल्या पब्लिकसमोर तरी तो जिंकायला हवा होता असं मला आजही वाटतं, त्याचा रन कितीही आवडला नसला तरी. तर अशा शोला गेलात की चँट (सगळ्यांनी मिळून नावाचा घोष) कधी सुरू करायचं ते महत्त्वाचं. एन्ट्रीला म्युझिकच एवढं मोठं असतं की आपला आवाज जातच नाही. कुणीतरी हेडलॉक लावून बसलाय, किंवा माइकवर बोलणारा श्वास घ्यायला थांबलाय, तेव्हा सुरू करा. नाव दोन तुकड्यांत तोडा, मध्ये टाळ्या, आणि आजूबाजूच्या चार-पाच जणांना आधीच सांगून ठेवा, कारण एकट्याचं चँट दुसऱ्या फेरीतच मरतं.