शिफ्ट बदलते, तरी योगासनं कशी टिकवायची

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर उभा आहे. आठवड्याला शिफ्ट बदलते: फर्स्ट, सेकंड, नाईट. त्यामुळे 'रोज पहाटे साडेपाचला उठून योगासनं करा' हा सल्ला ऐकला की हसू येतं. नाईट संपवून साडेसातला सिडकोत घरी पोचणाऱ्या माणसाची पहाट नेमकी कुठली धरायची?

सुरुवातीच्या दोन वर्षांत मी तीनदा सुरुवात केली आणि तीनदा सोडलं. वेळ ठरवायचो, सोमवारी शिफ्ट बदलली की वेळ मोडायची. मग लक्षात आलं, शिफ्ट कुठलीही असो, आंघोळ काही चुकत नाही. म्हणून आसनं घड्याळाऐवजी आंघोळीला बांधली. गीझरचं बटण दाबायचं आणि सतरंजी अंथरायची. पाणी तापेपर्यंतची वीस मिनिटं आपली. उन्हाळ्यात गीझर लागत नाही, तेव्हा मोबाईलवर गजर लावतो. सतरंजीखाली जुनी रबरी चटई घाला, नाहीतर फरशीवर ती सरकते.

पोट मात्र रिकामं हवं. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावे लागतात. रविवारी मिसळ आधी खाल्ली तर त्या दिवशीची आसनं गेलीच म्हणून समजा. मी मिसळ नंतर खातो.

सुरुवातीला मोबाईलवर बघून थेट हलासन केलं होतं. पाय डोक्यामागे टेकवायचेच, या हट्टापायी मान अशी आखडली की चार दिवस मागचं बघायला अख्खा वळायचो. मग जवळच्या समाजमंदिरातल्या वर्गाला जाऊ लागलो. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी पतंजलींचं एक सूत्र सांगितलं, 'स्थिरसुखमासनम्'. स्थिर राहता येतं आणि सुख वाटतं, ते आसन. दात-ओठ खाऊन वाकणं त्यात बसत नाही. सुट्टीला का होईना, पण पहिले दोन-तीन महिने कुणाच्या तरी नजरेखाली शिका.

माझं दुखणं कमरेचं. आठ तास उभं राहायचं, वाकून मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, लावायचा, काढायचा. अशा जुनाट कंबरदुखीवर योगासनांचा उपयोग होतो, हे आता डॉक्टरही मान्य करतात. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने 2017 साली कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी जे उपाय सुचवले, त्यात योग आहे. कारण साधं आहे. मणक्याला धरून ठेवणारे पाठीचे, पोटाचे आणि नितंबांचे स्नायू कमजोर झाले की सगळा ताण कमरेवर येतो.

माझा क्रम असा. आधी मार्जारासन: हात-गुडघ्यांवर येऊन श्वास घेताना पाठ खोल, सोडताना गोल, दहा वेळा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी सांध्यांत उतरते, तेव्हा वीस वेळा, अगदी सावकाश. मग पालथं पडून भुजंगासन. इथे बहुतेकजण हातांनी जोर लावून वर येतात आणि कंबर दुखवून घेतात. हात नुसते टेकलेले असू द्या, पाठीच्या ताकदीने जेवढी छाती उचलेल तेवढीच उचला. तसंच पालथं राहून एकेक पाय उचलून अर्धशलभासन, मग उताणं होऊन, गुडघे दुमडून कंबर उचलायची ते सेतुबंधासन, पाच श्वास थांबून. या दोन आसनांनीच माझी कंबर सावरली, असं माझं मत. शेवटी गुडघे पोटाशी घेऊन पवनमुक्तासन. एका पायावर उभं राहायचं वृक्षासन करत असाल तर भिंतीजवळ करा. वय वाढेल तसा तोल जातो आणि पडणं महागात पडतं.

उरलेली पाच मिनिटं श्वासाची. चार आकड्यांत श्वास घ्यायचा, सहात सोडायचा. दहा सेकंदांचा एक श्वास, म्हणजे मिनिटाला सहा. श्वास लांब सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, शरीर ढिलं पडतं. नाईट करून आल्यावर मी एवढंच करतो आणि झोपतो. त्या वेळी सूर्यनमस्कार घातले तर झोप उडते, हे स्वतःवर करून पाहिलंय.

माझं बीपी 148/92 होतं, आता बहुधा 130च्या आसपास येतं. पण गोळी चालू आहे. 'योगाने गोळ्या सुटतात' म्हणून कुणी परस्पर गोळी बंद करू नये. बीपी जास्त असेल किंवा हर्नियाचा त्रास असेल, तर पोट आत मारून झटक्याने श्वास सोडायची कपालभाती जोरजोराने नको. काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन, सर्वांगासन टाळावं. हाडं ठिसूळ झाली असतील तर पुढे खोल वाकू नये. वाकल्यावर कळ पायात उतरत असेल तर आसन थांबवा आणि आधी दाखवून या.

आणखी एक गैरसमज, आसनं केली की चालायची गरज नाही. संथ आसनांनी दम लागत नाही, त्यामुळे चालण्याची जागा ती घेत नाहीत. आठवड्याला निदान 150 मिनिटं दम लागेल असं चालणं वेगळं हवंच. मी सुट्टीला पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो, बाकी दिवशी जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या आवारात फेऱ्या.

फरक मोजायची मला धंद्याची सवय. दर एक तारखेला गुडघे किंचित सैल ठेवून पुढे वाकतो आणि बायको स्टीलच्या पट्टीने बोटं ते फरशी अंतर घेते. सुरुवातीला 27 सेंटिमीटर होतं. वर्षाने 6 झालं. त्यानंतर दोन वर्षं 4वर अडलंय, ते अडू दे. सेफ्टी शूजची नाडी आता उभ्यानेच बांधतो, पूर्वी स्टूल लागायचं.

दिवाळीला गावी गेलो की आठ-नऊ दिवस खंड पडतो. परत आल्यावर पहिल्या दिवशी निम्मंच करायचं, तिसऱ्या दिवशी पूर्ण. राहिलेलं भरून काढायला मी गेल्या वर्षी दुप्पट केलं होतं. दुसऱ्या दिवशी स्टूल परत माळ्यावरून काढावं लागलं.