अफिलिएटची कमाई अचानक पडली? थीम बदलण्याआधी या चुका टाळा

अफिलिएट म्हणजे आपल्या साइटवर दुकानाच्या वस्तूंच्या लिंका लावायच्या आणि त्यावरून कोणी खरेदी केली की कमिशन घ्यायचं. मागच्या महिन्यात त्यातून 9,000 रुपये, या महिन्यात 3,800. लेख तेच, लिंका त्याच, वाचकही जवळपास तेवढेच. अशा वेळी माणूस आधी थीम, म्हणजे साइटचं रूपडं बदलतो, मग सगळ्या लिंका उपटून दुसऱ्या प्रोग्रामच्या लावतो. मी दोन्ही करून बसलोय. पुढच्या महिन्यात कमाई वाढली तेव्हा श्रेय थीमला दिलं. त्याच्या पुढच्या महिन्यात ती पुन्हा पडली, तेव्हा बोट दाखवायला काही उरलं नव्हतं.

नुसता एकूण आकडा बघत बसणं

कमाई म्हणजे क्लिक, दर क्लिकमागे ऑर्डरी, ऑर्डरची सरासरी किंमत आणि कमिशनचा दर यांचा गुणाकार. त्यातून परत आलेल्या मालाचं कमिशन वजा. हे पाच रकाने एका शीटमध्ये वेगळे लिहा, अर्धं रहस्य तिथेच सुटतं. क्लिक घटले असतील तर सर्चमध्ये काय झालं ते बघा. क्लिक तेवढेच पण ऑर्डरी कमी, तर माल संपलाय किंवा लिंक तुटलीय. दोन्ही जागेवर असूनही पैसे कमी आले, तर स्वस्त वस्तू जास्त गेल्यात किंवा दरच बदललाय. एप्रिल 2020 मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरचं कमिशन 8 टक्क्यांवरून 3 वर आणि किराण्याचं 5 वरून 1 वर आणलं. ज्यांच्या लिंका सोफ्यांच्या होत्या त्यांची त्यावरची कमाई निम्म्याच्या खाली गेली. यात त्यांच्या साइटचा काय दोष?

थोड्या ऑर्डरींवरून निष्कर्ष काढणं

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. समजा तुमच्याकडे महिन्याला सरासरी 16 ऑर्डरी येतात. काहीही न बदलता त्या 12 ते 20 च्या दरम्यान हेलकावे खाणार, आणि अधूनमधून 9 किंवा 24 सुद्धा होणार. कारण शोधू नका, कारण नसतंच. त्यात एखाद्याने तुमच्या मिक्सरच्या लिंकवरून जाऊन फ्रिजच घेतला, तर तो महिना उगाच सोन्याचा वाटतो. इतक्या लहान आकड्यांत निदान तीन महिन्यांची बेरीज केल्याशिवाय बोलू नये.

तारखांचा घोळ

क्लिक आज मोजला जातो, पण अ‍ॅमेझॉनकडे कमिशन माल रवाना झाल्यावर नोंदलं जातं. महिन्याच्या 30 तारखेची ऑर्डर सहज पुढच्या महिन्यात दिसते. दिवाळीचा माल परत येऊ लागला की आधी दिसलेलं कमिशन नंतरच्या हिशेबातून कापलं जातं. माझ्याकडे एकदा एक दिवस चक्क उणे आकडा होता. मी हॅकिंगचा संशय घेतला, निघाला परत गेलेला टीव्ही.

‘गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना करा’ हा सल्लाही आपल्याकडे फसतो. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला आलं; 2025 मध्ये ते 21 ऑक्टोबरलाच उरकलं. नोव्हेंबरला नोव्हेंबर लावलात तर घसरगुंडीच दिसणार. दिवाळीआधीचे सहा आठवडे दिवाळीआधीच्या सहा आठवड्यांशीच ताडून बघा.

क्लिक झाला म्हणजे विक्री आपली, हा समज

अ‍ॅमेझॉनची क्लिकनंतरची मुदत 24 तासांची, तेवढ्यात खरेदी झाली तरच कमिशन. तेवढ्यात वस्तू कार्टमध्ये गेली तर आणखी अवधी मिळतो, नाहीतर संपलं. आपल्या घरांत मिक्सर घ्यायचा तर आधी सासूबाईंना विचारायचं, मग पगार व्हायचा, मग सेलची वाट बघायची. तोवर तुमचा क्लिक शिळा झालेला असतो. त्यातही बहुतेक ठिकाणी शेवटचा क्लिक ज्याचा, त्याचं कमिशन. डिसेंबर 2024 मध्ये पेपालच्या मालकीच्या हनी या, ब्राउझरला जोडून कूपन शोधणाऱ्या एक्स्टेंशनवर असाच शेवटचा क्लिक पळवल्याचा आरोप झाला आणि अमेरिकेत खटलेही दाखल झाले.

न्यू जर्सीतले मराठी वाचक वाढले असतील तर आणखी एक गोष्ट. त्यांनी अमेरिकेच्या अ‍ॅमेझॉनवर जाऊन खरेदी केली तर तुमचा भारतीय टॅग, म्हणजे लिंकमधला तुमची ओळख सांगणारा कोड, तिथे चालत नाही. क्लिक वाढतात, ऑर्डरी जिथल्या तिथे.

एका बैठकीत चार बदल करणं

बदल एकच करा, तारीख वहीत लिहा, आणि निदान तीन महिने हात आवरा. त्याआधी इन्कॉग्निटो खिडकीत आणि मोबाईलवर स्वतःच्या पाच मोठ्या लिंका उघडून पत्त्यात टॅग शिल्लक राहतोय का, एवढं तपासा. खात्री करायची म्हणून त्याच लिंकवरून स्वतःसाठी ऑर्डर मात्र टाकू नका. अ‍ॅमेझॉनच्या नियमात ते बसत नाही, आणि मग प्रश्न घसरलेल्या कमाईचा राहत नाही, खात्याचा होतो.