‘अमार पेलुश दोइश’ गायला घेताना

फोंड्यातल्या माझ्या सुगम संगीताच्या वर्गात मुलं येतात ती भावगीतं, अभंग, नाट्यपदं शिकायला. पण गोव्यात पोर्तुगीज गाण्यांच्या स्पर्धाही होतात, त्यामुळे वर्षातून कधीतरी कुणीतरी मोबाइल पुढे करून म्हणतंच, ‘टीचर, हे बसवून द्या ना.’ अलीकडे ते गाणं बहुतेक वेळा एकच असतं. पोर्तुगालच्या साल्वादोर सोब्रालनं २०१७ साली ज्याच्यावर युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा जिंकली, ते ‘अमार पेलुश दोइश’, म्हणजे ‘दोघांच्याही वाटचं प्रेम करणं’. माझं अतिशय आवडतं गाणं. म्हणूनच त्याला गळ्यातल्या हरकतींनी मढवलेलं आणि ढोलक-पॅडवर ठोकलेलं ऐकलं की जिवाला लागतं. आपल्या पद्धतीच्या गळ्याला हे गाणं कसं बसवावं, ते इथे लिहिते आहे.

आधी गाण्याची गोष्ट नीट माहीत करून घ्या. ते कसं गायचं, हे त्या गोष्टीतूनच कळतं.

युरोव्हिजनमध्ये प्रत्येक देशाचं एक गाणं असतं. ते तीन मिनिटांत संपलं पाहिजे आणि मुख्य गायकानं प्रत्यक्ष गायलं पाहिजे, वाद्यमेळ मात्र आधी ध्वनिमुद्रित केलेला असतो. निम्मे गुण परीक्षकांचे, निम्मे प्रेक्षकांचे. तीन मिनिटांत कोट्यवधी लोकांच्या लक्षात राहायचं म्हटल्यावर बहुतेक देश आगीचे फवारे, नर्तक, रोषणाई असं सगळं ओततात. पोर्तुगाल १९६४ पासून भाग घेत होता. पहिल्याच वर्षी शून्य गुण पडले. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, सहावा क्रमांक आला, तोच काय तो मोठा पराक्रम. २०१६ मध्ये तर ते गेलेच नाहीत.

(जाता जाता एक सांगते. पोर्तुगालचं १९७४ चं युरोव्हिजन गाणं स्पर्धेत तळाला गेलं होतं. पण २४ एप्रिलच्या रात्री लिस्बनच्या रेडिओवर तेच गाणं वाजलं आणि तो बंडवाल्या सैनिकांसाठी ठरलेला इशारा होता. दुसऱ्या दिवशी तिथली हुकूमशाही कोसळली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालनं गोवा भारताचा असल्याचं करार करून मान्य केलं. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे सांगितलं की ती गाण्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात.)

२०१७ साठी तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीनं, म्हणजे आर-टी-पीनं, संगीतकारांना निमंत्रणं दिली. त्यात लुईझा सोब्राल होती. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकलेली, स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणारी. तिनं शब्द लिहिले, चाल बांधली आणि गायला धाकट्या भावाला उभं केलं. साल्वादोर लिस्बनमध्ये मानसशास्त्र शिकत होता, स्पेनच्या मायोर्का बेटावर शिकायला गेला तेव्हा तिथल्या बारमध्ये गायला लागला, आणि पुढे बार्सेलोनात जाझ शिकला. चेट बेकर ह्या अमेरिकन जाझ गायकाच्या हळुवार गाण्यावर पोसलेला हा गळा. वाद्यमेळ लुईश फिगेइरेदु ह्या पियानोवादकाचा: पियानो आणि तंतुवाद्यं, बास. तालाचा ठोका कुठेही पुढे येत नाही.

अंतिम फेरी १३ मे २०१७ ला युक्रेनमधल्या कीव्हमध्ये झाली. साल्वादोरची पाळी अकरावी. मोठा रंगमंच मोकळा सोडून तो प्रेक्षकांच्या मधोमध असलेल्या लहान गोल चौथऱ्यावर उभा राहिला. ढगळ काळा कोट, आजूबाजूला कुणी नाही, मागच्या पडद्यावर झाडं. ७५८ गुण मिळाले, ३८२ परीक्षकांचे आणि ३७६ प्रेक्षकांचे, दोन्हींकडे पहिला. एवढे गुण त्याआधी कुणालाच मिळाले नव्हते आणि त्यानंतरही मिळालेले नाहीत. जिंकल्यावर तो म्हणाला की आपण वापरून फेकून द्यायच्या संगीताच्या जगात राहतो, आणि संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, भावना आहे. हे बोलणं काही जणांना झोंबलं. मला ते पटतं.

आता त्याच्या आजाराबद्दल. ह्याच ठिकाणी गाणाऱ्यांचं सगळ्यात जास्त बिघडतं. साल्वादोरला हृदयाचा गंभीर आजार होता. डॉक्टरांच्या सल्ल्यानं तो कीव्हला उशिरा पोचला आणि पहिल्या तालमींना त्याच्या जागी लुईझा उभी राहून गायली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच्यावर हृदयरोपण झालं. गाण्याच्या शेवटी ‘माझं हृदय दोघांच्याही वाटचं प्रेम करू शकतं’ अशा अर्थाची ओळ आहे. त्यामुळे हे गाणं त्याच्या आजारपणाचंच आहे असं लोक धरून चालतात आणि गाताना कण्हू लागतात. तसं करू नका. शब्द वाचा. सोडून गेलेल्या माणसाला कुणीतरी सांगतं आहे: माझ्याबद्दल कुणी विचारलंच तर सांग की मी तुझ्यावर प्रेम करण्यासाठी जगलो. परत ये. एकट्यानं प्रेम होत नाही हे मला ठाऊक आहे, पण कदाचित तू हळूहळू पुन्हा शिकशील. आणि नाहीच जमलं तुला, तर दोघांचं मी बघतो. ह्यात दैन्य नाही. बोलणारा माणूस शांत आहे, त्याचं ठरलेलं आहे. माझ्या वर्गात मी मुलांकडून हा मजकूर आधी मराठीत, आपापल्या शब्दांत, साध्या बोलण्यासारखा म्हणवून घेते. ज्याचा आवाज बोलतानाच रडका होतो, त्याला मी चालीकडे जाऊ देत नाही.

ऐकण्याचा क्रम असा ठेवा. सुरुवातीला फक्त ध्वनिमुद्रण, डोळे मिटून. मग कीव्हच्या अंतिम फेरीचं चित्रण. त्यानंतर निकालानंतर भावाबहिणीनं मिळून गायलेलं. २०१८ ची स्पर्धा लिस्बनला झाली तेव्हा बरा झालेला साल्वादोर आणि कायतानु वेलोझो ह्यांनी हेच गाणं गायलं होतं, ते मात्र शेवटी. कायतानु ब्राझीलचे, त्यांची बोली वेगळी. उच्चार पक्के होण्याआधी ते ऐकलंत तर दोन्हींची खिचडी होईल.

उच्चारांसाठी इंटरनेटवरचे रोमन लिपीतले शब्द बघून गाऊ नका. वही घ्या आणि कानाला येईल तसं देवनागरीत लिहून काढा. आपली लिपी ह्या कामाला फार चांगली. लिस्बनच्या पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘स’ बहुधा ‘श’ होतो, आघात नसलेला ‘ओ’ ‘उ’ होतो आणि आघात नसलेला ‘ए’ जवळजवळ गिळला जातो. म्हणून ‘पेलोस दोइस’ नव्हे, ‘पेलुश दोइश’. त्यातही ‘पेलुश’चा श पुढच्या ‘द’ला भिडताना जरा घुमतो, श आणि झ ह्यांच्या मधला होतो. ‘अमार’मध्ये वजन ‘मार’वर. ‘हृदय’ ह्या अर्थाचा शब्द आहे ‘कुरासांव’. गोव्याच्या मुलांना मी सांगते, सांजांवच्या शेवटी जो नाकातला ‘आंव’ आहे तोच इथे आणा, लगेच जमतं. मधला ‘र’ आपल्यासारखाच, जिभेच्या एका टपलीचा. फक्त ‘परत ये’ अशा अर्थाचा जो शब्द आहे त्याची सुरुवातच र-नं होते आणि तो र लिस्बनचे लोक घशातून काढतात. तेवढा एक घोटून घ्या. लिहून झालं की पोर्तुगीज जाणणाऱ्या कुणाला तरी ऐकवा. गोव्यात १९६१ च्या आधी शाळेत पोर्तुगीज शिकलेली माणसं अजून आहेत, ती आनंदानं बसून दुरुस्त्या करतात. नाहीतर पणजीत भाषेचे वर्ग चालतात, तिथे विचारा.

लय तीन मात्रांची आहे, आणि तीन म्हटलं की आपला हात दादऱ्यावर जातो. ‘धा धी ना, धा ती ना’ सुरू झालं की गाणं संपलंच म्हणून समजा, कारण दादऱ्याचा ठेका सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दाखवत राहतो आणि हे गाणं सम लपवतं. ओळ मात्रेच्या जराशी मागे सुटते, कधी दोन मात्रा वाट बघते आणि मग पुढचे तीन-चार शब्द भरभर बोलून टाकते. हे ठेक्यावर शिकता येत नाही. आधी सगळं गाणं मुक्त, आलापासारखं म्हणा. ते पाठ झालं की पायानं हळू एक-दोन-तीन धरा, आणि आवाज पायावर पडू देऊ नका. ‘हळूहळू’ अर्थाचा शब्द आला की बहुतेक मुलं लयही हळू करतात. लय आहे तशीच चालू द्या, फक्त आवाज कमी करा.

कीबोर्डवर आयता ‘वॉल्ट्झ’ ठेका असतो, तो बंदच ठेवा. साथीला नुसता पियानोचा आवाज लावा. डाव्या हातानं पहिल्या मात्रेला एक खालचा सूर, उजव्या हातानं उरलेल्या दोन मात्रांवर हलक्या कॉर्ड्स, आणि गायक थांबतो तिथे साथीनंही थांबायचं. हार्मोनियम माझा जीव की प्राण, पण इथे ती नको. भाता चालू आहे तोवर सूर वाहत राहतो आणि दोन ओळींमधली मोकळी जागा भरून टाकतो. ती जागाच तर हवी आहे. कुणी गिटारवाला मिळाला तर उत्तम, मात्र त्याला फादोच्या, म्हणजे लिस्बनच्या त्या विरहाच्या गाण्यांच्या, चालीत वाजवू नको म्हणून बजावा. पोर्तुगीज गाणं म्हणजे फादो अशी आपल्याकडे समजूत आहे. फोंड्याच्याच सोनिया शिरसाट ह्यांनी फादो गोव्यात पुन्हा घरोघर पोचवला, त्याचा मला अभिमान आहे, पण ‘अमार पेलुश दोइश’ फादो नाही. फादोचा आवाज छातीतून उसळतो. हे जाझच्या अंगानं जाणारं गाणं आहे, जवळच्या माणसाच्या कानाशी बोलल्यासारखं.

हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून एका मुलीबरोबर काय केलं ते लिहिते. नाट्यपदांवर तयार झालेली मुलगी, खणखणीत आवाज. पहिलीच ओळ ‘मी’ ह्या अर्थाच्या एका लहान शब्दावर टेकते, आणि ती तिथे पोचली की सवयीनं एक मुरकी, म्हणजे सुरांचा झटकन छोटा वळसा, घेऊन खाली यायची. सुंदर मुरकी. मी तिला म्हटलं, हा सूर लाव आणि नुसता सोडून दे. तिला ते जमेना, उघडा सूर सोडताना तिला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. मग माइकपासून चार बोटांवर उभं केलं आणि सांगितलं, समोरच्या खुर्चीवर बसलेल्या मला ऐकू जाईल इतकंच गा, पलीकडच्या खोलीत जाता कामा नये. आवाज लहान झाला तशी मुरकी आपोआप गळून पडली, कारण तिला लागणारा जोरच उरला नाही. मुरकी नको असं सांगण्यापेक्षा हा उपाय चांगला लागू पडतो. साल्वादोर स्वतः मैफलीत चालीतल्या जागा बदलतो, सूर फिरवतो. ते स्वातंत्र्य तुम्हीही घ्या, पण मूळ चाल अगदी साधी, एकही दाणा न घालता गाता येऊ लागल्यावर.

श्वास ओळीच्या मध्ये तोडू नका. वहीत श्वासाच्या खुणा करा. विनवणीचा भाग दोनदा येतो आणि दुसऱ्यांदा येताना आवाज चढवायचा मोह होतो. थोडा चढवा, साल्वादोरही चढवतो. मात्र शेवटचं कडवं, ‘तुझ्या हृदयाला नसेल नमायचं तर’ असं सुरू होणारं, पुन्हा पहिल्या चालीवर येतं, आणि तिथे पहिल्यापेक्षाही कमी आवाज लागतो. त्यासाठी दम शिल्लक ठेवा. शेवटच्या ‘दोइश’वर सूर लांबवत टाळ्यांची वाट बघू नका. शब्द पूर्ण करा, श स्पष्ट म्हणा आणि थांबा. उरलेलं पियानो वाजवील.

स्पर्धेला जाणार असाल तर साउंडवाल्याला आधी गाठा. आपल्याकडे गायक दिसला की इको वाढवायची पद्धत आहे. ह्या गाण्याला इको नाहीच म्हटलं तरी चालेल. माइक स्टँडवर ठेवा म्हणजे हात मोकळे राहतील. मुलं साल्वादोरच्या हातांच्या, बोटांच्या हालचाली पाठ करून येतात. त्या त्याच्या आहेत, त्याच्या गाण्यातून आपोआप निघतात. तुमचे हात कुठे जातात ते जाऊ द्या, नाहीतर खाली राहू द्या.

पट्टी स्वतःच्या गळ्याची घ्या. सगळ्यात खालचा सूर कुजबुजताही आला पाहिजे आणि ऐकूही गेला पाहिजे, ह्यावर पट्टी ठरवा, वरच्या सुरावर नको. घरात भाऊबहीण दोघं गाणारी असतील तर दोघांनी गाऊन बघा. सुरुवातीचं कडवं एकानं, विनवणी पहिल्यांदा दुसऱ्यानं, दुसऱ्यांदा ओळीआड ओळ, आणि शेवटचं कडवं दोघांनी एकाच सुरात, वरचा-खालचा न करता. अशी पट्टी शोधायला एखादी संध्याकाळ जाते, कारण बहिणीला सोयीची असते ती भावाला फार वर पडते किंवा फार खाली. अशा वेळी मी बहिणीच्या बाजूनं अर्धी पट्टी झुकते, कारण गाणं मुळात लुईझाच्या गळ्यातून आलं आहे.