डच घरातला अंधार रंगवताय? या चुका टाळा

तैलरंगाच्या वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी एकोणिसाव्या शतकातल्या योझेफ इस्राएल्स या डच चित्रकाराची नक्कल करायला घेतं. बहुतेकदा १८८२ सालचं, जेवणाच्या टेबलाशी बसलेलं शेतकरी कुटुंब. मूळ चित्र ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये आहे. निवड उत्तमच, पण दरवर्षी चुकाही त्याच.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे ट्यूबमधला काळा. खोली अंधारी दिसली की लोक आयव्हरी ब्लॅक पिळतात आणि भिंत रंगवून मोकळे होतात. माझ्याकडे एक मुलगा होता. हात चांगला, पण घाई दांडगी. प्रदर्शन महिन्यावर आलेलं, म्हणून त्यानं जवसाच्या तेलात कालवून अख्खी भिंत जाड काळी केली आणि चौथ्या दिवशी त्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, चढवला. मी थांब म्हटलं होतं. "सर, वरून सुकलंय," म्हणाला. प्रदर्शनात चित्र छान दिसलं. चार महिन्यांनी तो ते परत घेऊन आला, तेव्हा म्हातारीच्या टोपीमागची सगळी भिंत तडकली होती. नखाएवढ्या फटींतून खालचा काळा डोकावत होता. फार वाईट वाटलं, कारण त्या म्हातारीचे हात त्यानं खरोखर सुंदर उतरवले होते.

आयव्हरी ब्लॅक तेल भरपूर पितो आणि फार सावकाश सुकतो. अंबर झटपट सुकतो. वरचा थर ताठ झाला तरी खालचा हलतच असतो, मग वरचा फुटणारच. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक चित्रकारांनीही खोल, ऊबदार तपकिरी सावलीच्या मोहानं बिट्युमेन, म्हणजे डांबरी रंग वापरला. तो पुरता सुकतच नाही, आणि अशा चित्रांच्या सावल्या आज मगरीच्या कातडीसारख्या भेगाळल्या आहेत.

मी भिंतीसाठी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन हा निळा मिसळतो. टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पूर्ण कॅनव्हासवर फासतो आणि जिथे उजेड पडतो तिथे जुन्या सुती कापडानं पुसून काढतो. मग आठवडाभर हात लावत नाही. चुलीकडच्या कोपऱ्यात अंबर जास्त, खिडकीजवळ निळा जास्त. एवढ्यानंच अंधारात हवा खेळायला लागते.

दुसरी चूक डोक्यातली. डच घर म्हटलं की सगळ्यांना व्हर्मीर आणि पीटर दे होख हे चित्रकार आठवतात: काळ्यापांढऱ्या फरश्या, लख्ख अंगण, दारातून दिसणारी पुढची खोली. ते सतरावं शतक, खाऊनपिऊन सुखी शहरी घरं. इस्राएल्स १८२४चा. आधी ऐतिहासिक चित्रं करायचा; १८५५ साली झांडव्होर्टच्या किनाऱ्यावर राहिला आणि कोळ्यांची घरं त्याच्या मनात बसली. त्याच्याकडे मातीचा वास आहे, धूर आहे, कमी पडणारं जेवण आहे. व्हॅन गॉग त्याला फार मानायचा, आणि व्हॅन गॉगचं १८८५चं 'बटाटे खाणारे' हे चित्र बघताना त्याचं कारण कळतं. अशा घरात चकचकीत फरशी घातलीत तर चित्र खोटं पडतं.

गोंधळ व्हायला कारणही आहे. ह्युबर्टस फान होव्हसारखे चित्रकार एकोणिसाव्या शतकातच दे होखच्या धर्तीवर दारामागचं दार रंगवत होते, तर डेव्हिड ब्लेस आपल्या माणसांना अठराव्या शतकातले कपडे घालून गमतीदार प्रसंग रंगवायचा. म्हणून आधी चित्राचं साल बघा, मगच पेन्सिल हातात घ्या.

पांढरी टोपी पांढऱ्यानं रंगवू नका. अंधाऱ्या खोलीत ती राखाडी असते, खिडकीकडच्या कडेला तेवढी उजळते.

चेहऱ्याच्या पापण्या मोजत बसू नका. इस्राएल्सचं दुःख पाठीच्या बाकात असतं.

रंग उजळ हवे असतील तर इस्राएल्सला उजळवू नका, त्याच्याच काळातले डच चित्रकार ब्लॉमर्स किंवा अल्बर्ट नॉयहाउस निवडा. नॉयहाउसच्या लारेन गावातल्या खोल्यांत आई आणि बाळावर खिडकीचा भरपूर उजेड येतो.

मोबाइलवरच्या एकाच फोटोवर विसंबू नका. म्युझियमच्या साइटवरचं मोठं चित्र उघडा, स्क्रीन पूर्ण उजळ करा आणि आधी कोपरे बघा. काळं वाटलेल्या जागी बहुतेकदा एखादं भांडं किंवा खुर्चीचा पाय निघतो.

आणि वॉर्निश सहा महिन्यांआधी लावायचं नाही, प्रदर्शन असलं तरी.