मांडव आधी, बी नंतर: वसंताआधीची बागेची तयारी

संक्रांत झाली की पुण्यातल्या घरगुती बागेसाठी हातात फार दिवस उरत नाहीत. वसंतपंचमी, रथसप्तमीच्या सुमारास रात्रीचा गारठा ओसरतो, माती ऊबदार होते, आणि काकडी, दोडका, कारलं, दुधी, भेंडी, गवार यांचं बी तेव्हा मातीत पडलेलं बरं. शिमगा उलटला की ऊन असं चढतं की कोवळं रोप तग धरेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. म्हणजे पेरणी फेब्रुवारीत आणि तिची तयारी जानेवारीत. पेरणीच्या दिवशी उठून तयारी होत नसते.

माती, खत, बी, कुंड्या हे सगळ्यांना आठवतं. वेलींचा मांडव आठवत नाही. गेल्या वर्षी मलाही आठवला नाही. वेली हातभर झाल्या, तणावे शेजारच्या मिरचीला आणि कोथिंबिरीला गुंडाळायला लागले, तेव्हा घाईघाईने टबांतच बांबू खुपसले. बांबू आत जाताना मुळं तुटली. काकडीवर्गातल्या वेलींना मुळं दुखावलेली अजिबात चालत नाहीत. कारली पिवळी पडली, दोडका होता तिथेच थांबला, आणि उन्हाळाभर दोन्ही भाज्या मंडईतून आणाव्या लागल्या. म्हणून या यादीत पहिलं काम मांडवाचं. बी आणण्याच्या आधी, माती चाळण्याच्या आधी, मांडव.

तो इतका आधी का, याचं कारण साधं आहे. गच्चीत खांब रोवता येत नाहीत, आणि कृपा करून स्लॅबला भोक पाडू नका. वॉटरप्रूफिंग एकदा फुटलं की पावसाळ्यात खालच्या घराचं छत गळतं आणि दुरुस्तीचा खर्च बागेच्या दहा वर्षांच्या खर्चाहून मोठा होतो. त्यापेक्षा रंगाचे २० लिटरचे रिकामे डबे घ्या, मधोमध लोखंडी पाइप किंवा चांगला जाड बांबू उभा करा आणि भोवती सिमेंट, वाळू, खडी यांचा माल भरा. पाइप ओळंब्यात आहे ना ते माल ओला असतानाच बघा, नंतर वाकडा तो वाकडाच. या मालाला सात दिवस तरी पाणी मारावं लागतं, आणि पुरती ताकद यायला २८ दिवस धरतात. हे २८ दिवस मोजा, म्हणजे काम जानेवारीत का सुरू करायचं ते कळेल. भरलेला डबा चाळीस-पन्नास किलोंचा होतो, म्हणून जिथे ठेवायचा तिथेच भरा. जागा कठड्यालगत किंवा खाली भिंत वा बीम असेल अशी निवडा, गच्चीच्या ऐन मध्यावर नको.

उंची साडेसहा फुटांच्या आसपास ठेवा. हात वर करून फळ तोडता आलं पाहिजे आणि खालून वाकून जावं लागू नये. चारही खांब वरून एकमेकांना आडव्या बांबूंनी जखडा आणि दोन कोपऱ्यांना तिरके टेकू द्या. रिकामा मांडव हलका दिसतो, पण पानांनी भरला की वाऱ्यात शिडासारखा फुगतो, आणि एकेक दुधी किलोभराचा लोंबत असतो. वर जीआय तार (जस्त चढवलेली लोखंडी तार) ताणा किंवा नायलॉनची जाळी टाका. जाळीची घरं सहा इंचांची हवीत. बारीक घरांच्या जाळीत दोडका अडकून वाकडा होतो आणि वेल काढताना जाळीही फाडावी लागते. खालून वर चढायला काथ्याची दोरी सोडा. रंगीत प्लास्टिकची सुतळी उन्हात दोन महिन्यांत कुजून भुगा होते, नेमकी वेल फळांनी लगडलेली असताना. जमिनीवर परसबाग असेल तर बांबू दीड-दोन फूट खोल गाडा आणि गाडायच्या टोकाला डांबर लावा, म्हणजे वाळवी लागायची नाही.

मांडवाची दिशा बघा. वेल चढली की खाली दाट सावली पडते. मार्चनंतर पालक, माठ, कोथिंबीर यांना तीच सावली हवी असते, पण टोमॅटो आणि मिरची तिथे सापडली तर नुसती लांबट वाढतात. म्हणून मांडव उभा झाल्यावर कुंड्यांच्या जागा ठरवा, आधी नाही.

आता बाकीचं. हिवाळ्यातली मेथी, पालक, मुळा संपवून वाफे मोकळे करा. टोमॅटो उपटताना मुळं बघा. मुळांवर गाठी दिसल्या तर ती सूत्रकृमीची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यांची लक्षणं, आणि त्या मातीत यंदा काकडी, कारलं, भेंडी काही लावू नका. तिथे झेंडू लावा. कोथिंबिरीचा एखादा वाफा मात्र मुद्दाम फुलू द्या. तिच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात, आणि पुढे वेलींच्या फळधारणेला त्याच लागणार आहेत. बाग ‘स्वच्छ’ करायच्या नादात सगळी फुलं उपटून टाकणाऱ्यांना मग काकडी का धरत नाही असा प्रश्न पडतो.

जुनी माती कुंडीतून काढून पसरा, ढेकळं फोडा, मुळ्या वेचा, आठवडाभर ऊन खाऊ द्या. पांढरी, वाकडी, जाड अळी दिसली तर ती हुमणी, ती वेचूनच काढावी लागते. मातीवर प्लास्टिक पसरून ती तापवायची पद्धत चांगली आहे, पण फेब्रुवारीचं ऊन त्याला पुरत नाही. ते काम एप्रिल-मेमध्ये रिकाम्या कुंड्यांचं. मिश्रणाला माझं प्रमाण दोन भाग माती, दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि मोठ्या कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कुजलेलं म्हणजे खरोखर कुजलेलं. हातात घेतल्यावर कोमट लागत असेल, आंबूस वास येत असेल, भाज्यांची देठं ओळखू येत असतील, तर ते अजून खत झालेलं नाही. असं कच्चं कंपोस्ट मुळांशी गेलं तर रोप जळतं आणि हुमणीला आयतं घर मिळतं. कोकोपीटची वीट वापरण्याआधी भिजवून एकदोन पाण्यांनी धुवा, त्यात क्षार असतात. वेलींना कमीत कमी २० लिटरची कुंडी किंवा पिशवी लागते. छोट्या कुंडीत दुधी लावून कुणाचं भलं झालेलं नाही. सगळ्या कुंड्या विटांवर ठेवा, मेमधली तापलेली स्लॅब खालून मुळं भाजते.

आणि कुंड्या मांडवाखाली आणताना, खांब उभे करून झालेत ना? झाले नसतील तर इथेच थांबा. भरलेल्या कुंड्या पुन्हा सरकवून मग मांडव उभा करणं ही कंबर मोडायची कामं आहेत.

छाटणीबद्दल एक इशारा, कारण या दिवसांत उत्तरेकडचे आणि परदेशातले व्हिडिओ बघून लोक कात्री घेऊन सुटतात. आपल्याकडे गुलाबाची मोठी छाटणी पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात होते. आता फेब्रुवारीत गुलाब खोलवर छाटलात तर नवी फूट थेट उन्हाच्या तडाख्यात येते. सुकलेली फुलं आणि मेलेल्या काड्या तेवढ्या काढा. मोगऱ्याची गोष्ट वेगळी, त्याला हेच दिवस. थंडीत पाणी कमी करा, जानेवारीअखेर जुन्या फांद्या छाटून उरलेली पानं काढा, मग खत आणि भरपूर पाणी द्या, म्हणजे उन्हाळ्यात कळ्या लागतात. कढीपत्त्याचे शेंडे खुडा. आंबा मोहरलेला असेल तर त्याला हात लावू नका, फवारणीही नको, मोहरावर माश्या काम करत असतात.

बी घरचं असेल तर आधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण बघा. सहापेक्षा कमी उगवले तर नवीन आणा. विकत घ्यायचं तर आपल्या कृषी विद्यापीठांचे वाण मागा. भेंडीत ‘परभणी क्रांती’ केवड्याला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडणाऱ्या रोगाला, तोंड देण्यासाठीच काढलेला वाण आहे. राहुरीच्या विद्यापीठाची काकडी ‘हिमांगी’, कारल्यात ‘हिरकणी’, दोडक्यात ‘फुले सुचेता’ हे सगळे खात्रीचे. या सरळ वाणांचं बी पुढच्या वर्षाला राखता येतं. संकरित पाकिटातल्या बियांचं पीक चांगलं येतं, पण त्याचं राखलेलं बी तसंच निघेल याचा भरवसा नाही. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. कारल्याच्या बियांचं कवच जाड, त्यांची टोकं हलकेच कापून मग भिजवा. थंडी रेंगाळली असेल तर बी जमिनीत कुजतं, तेव्हा घाई न करता कागदी पेल्यांत घरात रुजवा आणि उगवतानाच्या जाड जोडीनंतरची दोन खरी पानं आली की पेल्यासकट लावा. पेल्यासकट म्हणजे तळ फाडून, मातीचा गोळा न मोडता. मुळांबद्दल वर सांगितलंच आहे.

लावण्याआधी शेवटचं विचारते, मांडव बांधलात का? तार ताणली, दोऱ्या सोडल्या, खांब हलवून बघितला? बी पेरल्यापासून तीन-चार आठवड्यांत तणावे धरायला काहीतरी शोधू लागतात. ‘बघू नंतर, अजून वेल लहान आहे’ हे म्हणू नका. वेल लहान असण्याचे दिवस फार थोडे असतात.

पाणी सकाळी, मुळाशी. आच्छादनाला वाळलेली पानं दोनतीन इंच टाका, पण खोडाला चिकटवून नकोत. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीत पानगळीचे ढीग पडतात आणि कुणीतरी ते पेटवतं, त्याआधी पोती भरून आणा. हिरवी शेडनेट (सावलीची जाळी) ५० टक्के ऊन अडवणारी घ्या, ७५ची भाज्यांना जास्त होते. मिरची, पालेभाज्यांवर मार्चच्या मध्यापासून लावा, मांडवाचेच खांब तिलाही उपयोगी पडतात. वेलींना ती नको.

रोपं लहान असताना लाल भुंगेरे पहिल्या पानांची चाळण करतात, सकाळी वेचा, पानांवर राख भुरभुरवा. फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा कामगंध सापळा (वासाने नर फळमाश्यांना ओढून पकडणारा) फुलं येण्याआधीच टांगा, फळं सडायला लागल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात आणि गळतात, घाबरू नका. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, त्यावरून ओळखा. मधमाश्या कमी असतील तर नर फूल तोडून त्यावर टेकवा. काकडी, कारलं सकाळी, दोडका आणि दुधी संध्याकाळी, कारण त्यांची फुलं तेव्हाच उमलतात.

नळाचे वायसर, पाइपचे गळके जोड आताच बदला. सुट्टीत गावाला जाणार असाल तर पाणी कोण घालणार ते ठरवून ठेवा. एप्रिल लागला की वळवाचं वारं येतं, त्याआधी सगळ्या गाठी आणि तारा पुन्हा एकदा आवळा.