विद्यापीठातल्या लसी आणि तपासण्या : तारखांच्या या चुका टाळा

प्रवेश मिळतो, हॉस्टेलची खोली ठरते आणि मग आरोग्य केंद्राचा ई-मेल येतो : तुमची लसीकरणाची नोंद अपुरी आहे. बहुतेकांनी लस घेतलेली असते. चुकलेला असतो तो क्रम, नाहीतर दोन तारखांमधलं अंतर.

सगळ्यात जास्त घोळ टीबीच्या मॅन्टू चाचणीत होतो. हातावर टोचून झालं की काम संपलं, असं समजून मुलं निघून जातात. खरं काम पुढेच असतं. ४८ ते ७२ तासांच्या आत परत जाऊन तिथला फुगवटा मोजून घ्यायचा असतो. मोजतात तो बोटाला लागणारा कडक भाग, तोही मिलिमीटरमध्ये. नुसती लाली धरत नाहीत. त्यामुळे मोबाइलवर काढलेल्या फोटोचा काही उपयोग नाही. गुरुवारी टोचून घेतलं, तर मोजायची वेळ शनिवार-रविवारी येते. केंद्र बंद असलं की सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

याच चाचणीची दुसरी खोच म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एमएमआर लस. ती क्षीण केलेल्या जिवंत विषाणूंची असते. ती आधी घेतली, तर पुढचे काही आठवडे मॅन्टू खोटी निगेटिव्ह येऊ शकते. दोन्ही एकाच दिवशी उरका किंवा चाचणी आधी करा. लस झालीच असेल तर चार आठवडे थांबा.

लहानपणी टीबीवरची बीसीजी लस घेतलेल्यांची मॅन्टू टीबीचा जंतू शरीरात नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. अशांनी रक्तातून होणारी इग्रा चाचणी मागावी, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. आणि पॉझिटिव्ह म्हणजे टीबी झालाच असं नाही. जंतू सुप्तही असू शकतात. पुढे छातीचा एक्स-रे होतो, लक्षणं तपासतात. घाबरून रिपोर्ट दडवणं ही मात्र खरोखर महागात पडणारी चूक.

एमएमआरचे दोन डोस लागतात, मध्ये किमान २८ दिवस. पहिला वाढदिवस होण्याआधीचा डोस सहसा धरत नाहीत, त्यामुळे नवव्या महिन्यात घेतलेली गोवराची लस कार्डावर दिसते पण मोजणीत येत नाही. कार्डावर नुसतं ‘एमआर’ असेल तर त्यात गालगुंड नाही. कार्डच हरवलंय? निरोगी माणसाने पुन्हा डोस घेतला तर बिघडत नाही. गरोदरपणात मात्र ही लस देत नाहीत. कांजिण्यांची लसही जिवंत प्रकारातली, म्हणून ती एमएमआरच्याच दिवशी घ्या, नाहीतर मध्ये २८ दिवस सोडा.

हिपॅटायटिस बीचे डोस नेहमीच्या वेळापत्रकात ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. शेवटच्या महिन्यात जागं होऊन हे जमत नाही. मध्ये खंड पडला असेल तर पुन्हा सुरुवात करायची गरज नाही, राहिलेला डोस घ्या.

मेंदूज्वराची लस घेतली म्हणून निर्धास्त राहू नका. एसीडब्ल्यूवाय ही लस जंतूच्या ए, सी, डब्ल्यू आणि वाय या गटांवरची, ती बी गटावर चालत नाही. २०१३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात साथ आली ती बी गटाचीच. त्या गटावरची लस तेव्हा अमेरिकेत परवानाप्राप्त नव्हती, विशेष परवानगी काढून ती विद्यार्थ्यांना द्यावी लागली.

कोविडची घरगुती रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली की मुलं लगेच वर्गात जातात. लक्षणं असतील तर ४८ तासांनी पुन्हा करा. उलट पीसीआर बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणून बरं झालो का हे तिच्यावरून ठरवू नका.

राहिली फॉर्मवरची तारीख. काही देशांत महिना आधी लिहितात. तुमचे डोस ०३/०५ आणि ०२/०६ ला, म्हणजे ३ मे आणि २ जूनला झाले. तिकडचा कारकून वाचतो ५ मार्च आणि ६ फेब्रुवारी. दुसरा डोस पहिल्याच्या आधी! फॉर्म परत. महिना अक्षरांत लिहा.