अमिगा ५०० ची रॅम वाढवली तरी रीसेटनंतर रॅड उडतेय? या चुका टाळा

कमोडोरच्या जुन्या अमिगा ५०० कॉम्प्युटरच्या ट्रॅपडोअरमध्ये (खालच्या बाजूच्या झाकणाआडच्या खाचेत) ५१२ केबीचं मेमरी कार्ड बसवलं, वर्कबेंच १.३ या सिस्टीम डिस्कवरून रॅड (रीसेटनंतरही टिकणारी, मेमरीतली डिस्क) माउंट केली, फाइली टाकल्या, रीसेट मारला आणि सगळं गायब. मग लगेच "कार्ड गेलं" असं ठरवून लोक दुसरं कार्ड शोधायला लागतात. जरा थांबा, बऱ्याचदा कार्ड धडधाकट असतं आणि घोळ भलतीकडेच असतो.

सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात फालतू चूक म्हणजे फाइली रॅडऐवजी रॅम डिस्कमध्ये टाकणं. रॅम डिस्क लागेल तशी वाढते, फाइल उडवली की मेमरी परत करते, पण रीसेटला साफ होते. रॅड १९८८ च्या वर्कबेंच १.३ सोबत आली, तिचा आकार आधीच ठरलेला असतो आणि तीच रीसेटमधून वाचते. स्क्रीनवर तिचं नाव रॅड असं दिसतच नाही, रॅमबी० असं दिसतं, त्यामुळे नवीन माणूस हमखास फसतो.

आता ती वाचते कशी ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढच्या निम्म्या चुका आपोआप कळतील. रॅडचा ड्रायव्हर एक्झेकच्या (अमिगाच्या सिस्टीमच्या गाभ्याच्या) किकटॅग पॉइंटरमध्ये आपली नोंद आणि चेकसम (नोंद शाबूत आहे का ते ताडायचा आकडा) ठेवून जातो. रीसेट झाला की एक्झेक चेकसम तपासतो, जुळला तर ड्रायव्हरला उठवतो, आणि ड्रायव्हर आपली जुनी जागा त्याच पत्त्यावर परत मागतो. म्हणजे नोंद शाबूत पाहिजे आणि ती मेमरी त्या क्षणाला सिस्टीमला दिसत पाहिजे, यातलं एक जरी हुकलं तरी रॅड गेली.

म्हणूनच ज्या कार्डाची मेमरी ऑटोकॉन्फिग होत नाही (सिस्टीम ती आपोआप ओळखत नाही) आणि स्टार्टअप-सिक्वेन्समध्ये (बूट होताना चालणाऱ्या कमांडच्या यादीत) अ‍ॅडमेम चालवून जोडावी लागते, तिच्यात ठेवलेली रॅड टिकेल अशी अपेक्षाच ठेवू नका. स्टार्टअप-सिक्वेन्स चालेपर्यंत ड्रायव्हरने जागा मागून, न मिळाल्यामुळे हात हलवत परत जाऊन बराच वेळ झालेला असतो. कार्ड चांगलं, मेमरी टेस्ट पास, आणि तरी रॅड रिकामी, असं असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

दुसरी अशीच गोष्ट सेटपॅचची, म्हणजे सिस्टीममधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या कमांडची. १.३ च्याच पुढच्या सुधारित डिस्कवर स्टार्टअप-सिक्वेन्समध्ये सेटपॅचच्या ओळीला शेवटी एक आर असतो. तो आर १ एमबी चिप रॅमवाल्या (चिप रॅम म्हणजे ग्राफिक्स-आवाजाच्या चिपना वापरता येणारी मेमरी) मशिनवर रॅड टिकावी म्हणूनच आहे, आणि बूट डिस्क हलकी करायच्या नादात लोक नेमकी तीच ओळ कापतात किंवा जुन्या १.३ डिस्कवरची आर नसलेली ओळ तशीच चालू ठेवतात.

आता माउंटलिस्ट, म्हणजे रॅडचा आकार ज्यात लिहिलेला असतो ती फाइल. हिशोब सोपा आहे, सरफेस २, ट्रॅकला ११ ब्लॉक, ब्लॉक ५१२ बाइटचा, म्हणजे एका सिलिंडरला ११ केबी. हायसिल (शेवटच्या सिलिंडरचा नंबर) २१ दिलं तर ० ते २१ असे २२ सिलिंडर, म्हणजे २४२ केबी. ७९ दिलं तर ८८० केबी, म्हणजे पूर्ण फ्लॉपी, मग डिस्ककॉपीने अख्खी फ्लॉपी रॅडमध्ये उतरवता येते, मस्त वाटतं, पण एकूण १ एमबीच्या मशिनवर हे केलं तर वर्कबेंचने श्वास घ्यायचा कुठे? आणि आकडा बदलून नुसता रीसेट मारला तर काहीही बदलत नाही, कारण जुनी रॅड जुन्याच आकारात जिवंत परत येते (तिचं कामच ते आहे!). आधी रेमरॅड (रॅड काढून टाकणारी कमांड) चालवा, मग रीसेट करा, मग माउंट. एंट्रीच्या शेवटचं हॅश चिन्ह राहिलं नाही ना तेही बघून घ्या.

एक फसवा प्रकार आहे. रॅड वाचलेली असते, पण स्टार्टअप-सिक्वेन्समध्ये फ्लॉपीवरून रॅडमध्ये कॉपी करायची ओळ बिनशर्त लिहिलेली असते, त्यामुळे प्रत्येक रीसेटला जुनी फाइल तुमच्या सुधारलेल्या फाइलवर बसते आणि वाटतं की रॅडने काम गमावलं. कॉपीच्या आधी "इफ नॉट एक्झिस्ट्स रॅड:सी" आणि नंतर "एंडइफ" टाका, विषय संपला.

हार्डवेअरकडे आता या. अव्हेल कमांड चालवून चिप आणि फास्टचे (चिप रॅम सोडून बाकीच्या मेमरीचे) आकडे बघा. ५१२ केबीचं ट्रॅपडोअर कार्ड साधारणपणे फास्टच्या खात्यात दिसतं, पण वेगाने ते चिप रॅमइतकंच मंद, म्हणून तर त्याला स्लो रॅम म्हणतात. अ‍ॅग्नस (चिप रॅम सांभाळणारी चिप) ८३७२ए असेल आणि बोर्डावरचे जंपर बदललेले असतील तर तीच मेमरी चिपमध्ये मोजली जाते आणि फास्टला शून्य दिसतं, ते बरोबरच आहे, घाबरू नका. अ‍ॅग्नस ८३७०/८३७१ असेल तर जंपर कितीही हलवा, चिप ५१२ केबीच्या पुढे जाणार नाही.

चालू करताच हिरवी स्क्रीन आली तर चिप रॅमची तक्रार आहे, तिथे माउंटलिस्ट चाळत बसण्यात अर्थ नाही. आधी मशिन बंद करून कार्ड काढा. घड्याळवाल्या कार्डांवर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी असते, ती एव्हाना गळलेलीच असते असं धरून चाला, हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं दिसतील. बॅटरी कापून टाका, डाग पातळ व्हिनेगरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. कार्ड लावून मशिन चालू असताना बोर्डावर ५ व्होल्टची लाइन मोजा, ४.७५ च्या खाली जात असेल तर दोष रॅमचा नाही, थकलेल्या पॉवर सप्लायचा आहे.

गेम खेळून झाल्यावर रॅड नसेल तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. बरेच गेम सिस्टीमला बाजूला सारून अख्खी मेमरी स्वतःच वापरतात. गुरू मेडिटेशन (अमिगा कोसळल्यावर दिसणारा एरर) आलं तर मात्र रॅड बहुधा वाचते, फक्त नंबर ८१०००००५ असेल तर मेमरीची यादीच बिघडलेली आहे, अशा वेळी रॅडमधल्या फाइली दिसल्या तरी चांगल्या फ्लॉपीवर लिहू नका, वेगळ्या कोऱ्या फ्लॉपीवर काढा आणि उघडून तपासा.

राहता राहिला व्हायरसवाला भाग. १९८७ चा एससीए व्हायरस रीसेटमधून वाचायला एक्झेकचाच कूलकॅप्चर नावाचा पॉइंटर वापरायचा, म्हणजे हीही रॅडसारखीच युक्ती. त्यामुळे एखाद्या अँटीव्हायरसने किकटॅगसकट हे सगळे पॉइंटर सरसकट साफ केले तर व्हायरससोबत रॅडही जाते. तेव्हा टूलमध्ये "क्लिअर" दाबायच्या आधी फाइली फ्लॉपीवर घ्या, ड्राइव्हमधून संशयित डिस्क बाहेर काढा, आणि मग मशिन सरळ बटणावरूनच अर्धा मिनिट बंद ठेवा.